राखेचा बुधवार

चूल पेटवायची नाही, आरशात बघायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. सेसिल सकाळपासून हे सगळं पाळत होती, आणि तीन वर्षांच्या मोनूला पाळायला लावता लावता तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

"आई, आज कोण मेलं?"

"येशू. हळू बोल."

"कधी मेला?"

"आज दुपारी तीन वाजता मरणार."

मोनूने थोडा विचार केला. "मग त्याला आत्ताच सांग ना, पळून जा म्हणून."

सेसिलला हसू आलं आणि त्या हसण्याचंच भय वाटलं. गुड फ्रायडेला हसलीस तर वर्षभर रडशील, असं वसईला तिची आई म्हणायची. तिने भिंतीवरच्या क्रूसाला बांधलेलं काळं फडकं उगाच नीट केलं आणि पुन्हा गुडघ्यांवर बसली.

पावसला परशुराम मास्तरांच्या आगरात मागच्या अंगाच्या दोन खोल्यांत तिचं बिऱ्हाड होतं. नवरा इनास गावातल्या भाताच्या गिरणीत तेलाचं इंजिन सांभाळायचा. सगळ्या गावात ख्रिस्ती घर हे एकच. मिस्सेला, चर्चमधल्या उपासनेला, जायचं तर तरीतून भाट्याची खाडी ओलांडून रत्नागिरी गाठायची, आणि तिथेही पाद्रीबाबा बोटीने येतील तेव्हाच मिस्सा. गावात सेसिल हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ती सुशीलाबाई झाली होती. मुंबईच्या कॉलेजात दोन वर्षं काढलेली बाई आगरातल्या विहिरीवर पाणी भरते याचं गावाला कौतुक होतं. सेसिलला मात्र त्या दोन वर्षांचा इथे एवढाच उपयोग झाला होता, की कुठल्याही दुखण्याची आठ-दहा कारणं तिला एकदम सुचत आणि रात्रभर झोप येत नसे.

निघताना आईने बजावलं होतं, "त्या मुलखात जातेस खरी, पण सणवार विसरशील हो. लेकीला 'आमच्या बापा' ही प्रार्थनासुद्धा येणार नाही." त्यावर सेसिल फणकाऱ्याने म्हणाली होती, "बघशील तू!" आणि तिने ते खरं करून दाखवलंही. दरवर्षी नाताळाच्या सुमारास तिचे बाबा चर्चचं कॅलेंडर टपालाने धाडत. ते दाराच्या मागे लागे आणि सगळे उपास, सगळे संत त्या कागदाच्या जोरावर पार पडत. गेल्या पावसाळ्यात बाबा गेले. यंदा कॅलेंडर आलं नाही. आईला लिहून मागवता आलं असतं. पण मागवायचं म्हणजे 'तुझंच खरं झालं' असं कबूल करायचं. सेसिलने मागवलं नाही.

तिला आजोबांचं बोलणं आठवत होतं. आजोबा पानमळ्यातून येताना आभाळाकडे बघून सांगत, "चैतातली पुनव झाली, की पाठचा आयतार ईस्टरचा." तेवढं पुरे होतं. तिने मास्तरांना सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "यंदा चैत्री पौर्णिमा कधी हो?" मास्तरांनी पंचांग बघून सांगितली होती. मग तिथून मागे मोजत मोजत ती उपासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारावर आली, गेल्या साली वसईहून आणलेला झावळीचा क्रूस तिने ताटलीत जाळला, आणि आपल्याच अंगठ्याने आधी मोनूच्या नि मग स्वतःच्या कपाळावर राख लावली. इनास तेवढ्यात गिरणीत पळाला होता.

यंदाचा उपासकाळ तिला नुसता पाळायचा नव्हता, फेडायचा होता. पौषात मोनूला गोवर आला, आणि गोवर मावळला तरी ताप हटेना, छाती घरघरायला लागली. त्या दिवसांत एका पहाटे सेसिलने नवस बोलला होता. 'हिला वाचव. ईस्टरपर्यंतचा सगळा उपासकाळ मी कडकडीत करीन. मासळी नाही, अंडं नाही, गोड नाही, एकवेळ जेवण. एक दिवस चुकणार नाही.' मोनू वाचली. आणि समुद्राच्या काठच्या गावात, दारावरून रोज ताज्या बांगड्यांची टोपली जात असताना, सेसिल आठवडेच्या आठवडे पेज आणि कुळथाच्या पिठल्यावर राहिली. शिमग्यात पालखी आगराच्या तोंडाशी आली, ढोल वाजले, रंगपंचमीला पोरं 'सुशीलाबाय, दार उघडा!' म्हणून दार बडवून गेली, तेव्हाही ती आत कडी लावून मिठाची पेज पीत बसली होती. सण कसला? आपले दुःखाचे दिवस चाललेत.

आता आजचा शुक्रवार आणि उद्याचा शनिवार, की फिटला नवस.

ऊन डोक्यावर आल्यावर मात्र तिला पाण्याला जावंच लागलं. ती विहिरीवर कळशी सोडत होती तोच मास्तर छत्री मिटत आगरात शिरले. हाताला खडू, कोटाला खडू.

"मास्तर, आज शाळा होती?"

"होती म्हणजे? शुक्रवार ना आज? परीक्षा तोंडावर आल्या, पोरं अजून पावकीत अडकल्येत."

"पण आज सुट्टी असते. सरकारी. गुड फ्रायडे ना!"

मास्तर थांबले. "गुड फ्रायडे? अहो, तो केव्हाच झाला. शिमग्यात."

"शिमग्यात कसा होईल?"

"होळीच्या पाठचाच शुक्रवार. मी नाही का त्या दिवशी पोफळींना पाट काढत होतो? तुम्ही याच विहिरीवरून विचारलंत, मास्तर आज घरी? मी म्हटलं, सुट्टी."

"मला वाटलं, शिमग्याची सुट्टी."

"शिमग्याची वेगळी, ही वेगळी. दोन्ही लागून आल्या म्हणून तर आमची चंगळ झाली." मास्तर हसायला गेले आणि तिचा चेहरा बघून हसणं तोंडातच ठेवून म्हणाले, "काही घोटाळा झाला काय?"

"मी तुम्हाला चैत्री पौर्णिमा विचारली होती."

"मी सांगितली की. बरोबर सांगितली. कशाला हवी ते तुम्ही बोलला नाहीत. यंदा सगळंच उशिरा आलंय, गेल्या साली धोंड्याचा महिना होता ना! फाल्गुनातली पुनवच मार्चच्या बाविसाव्याला पडली." मास्तरांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "आता हो?"

कळशी विहिरीतच बुडबुडत होती. मार्चच्या बाविसाव्याला. कॉलेजात कुणीतरी सांगितलेलं तेव्हा तिला आठवलं. दिवसरात्र सारखे होतात तो एकविसावा मार्च, त्याच्या पुढची जी पहिली पुनव, ती ईस्टरची. बहुतेक सालांत ती चैत्राची असते. यंदा एका दिवसाने होळीचीच धरली गेली. आजोबा खोटे नव्हते, पंचांग खोटं नव्हतं, मास्तर खोटे नव्हते. मग चुकलं कोण?

ती घरात आली आणि कळशी चुलीजवळ ठेवून तशीच उभी राहिली. काळं फडकं बांधलेला क्रूस समोर होता. सगळ्या जगात येशू थडग्यातून उठून महिना होत आला होता, आणि हिने त्याला आज पुन्हा मारायला घेतला होता.

म्हणजे रंगपंचमीचा तो आयतवार ईस्टरचा होता. त्या दिवशी वसईला घंटा वाजल्या असतील, आई पहाटेच चर्चला गेली असेल, आणि सेसिल इथे कडी लावून मिठाची पेज पीत होती. ईस्टरच्या दिवशी उपास! आणि खरा उपासकाळ कधी सुरू झाला? तिने जपमाळ हातात घेतली. रंगपंचमीपासून एकेक मणी, एकेक दिवस, ती मागे मागे सरकायला लागली. होळी गेली, शिवरात्र गेली, माघी पुनव गेली. बोट एका बुधवारच्या मण्यावर येऊन थांबलं.

तो दिवस तिला मोजायची गरज नव्हती. माघातली चतुर्थी. गोदाआजी, म्हणजे मास्तरांची सोवळी आई, त्या दिवशी पायी गणेशगुळ्याच्या गणपतीला गेली होती. संध्याकाळी परतली तेव्हा मोनू तापाने फणफणलेली, डोळे फिरवत होती. इनास डॉक्टरला आणायला खाडीपलीकडे गेलेला. आजी एरवी मोनूला काही द्यायचं तर वरून टाकायची, हाताला हात लागू द्यायची नाही. त्या दिवशी मात्र ती तरातरा आत आली आणि पदराच्या गाठीतला अंगारा अंगठ्याने पोरीच्या कपाळाला लावून म्हणाली, "लावत्ये गो. नाही म्हणू नको." सेसिल नाही म्हणाली नव्हती. ती हो म्हणाली होती. तोंडाने नाही, पण मान हलवली होती. मग रात्रभर जाळलं तिला त्या मान हलवण्याने. पहाटे तिने तो नवस बोलला, तो अर्धा लेकीसाठी आणि अर्धा त्या मानेसाठी. इनासला तिने यातलं काही सांगितलं नव्हतं.

आणि तो बुधवार राखेचा बुधवार होता. सगळ्या ख्रिस्ती जगात माणसं रांगेने उभी राहून कपाळाला राख लावून घेत होती त्या दिवशी मोनूच्या कपाळालाही राख लागली होती. कुणाची? ताप उतरला तो तिसऱ्या दिवशी. कशाने?

ही खूण म्हणावी, की थट्टा? खूण म्हणावी तर कुणी कुणाला केलेली? आणि नवस फिटला, का मोडला? जो उपासकाळ नव्हताच, त्यात केलेला उपास कुणाच्या खाती? खऱ्या उपासकाळाच्या पहिल्या दिवसांत तर तिने माशाची आमटी खाल्ली होती, गोदाआजीने धाडलेला गूळखोबऱ्याचा खडा चघळला होता. नवस मोडला असेल तर...

"मोनू!"

मोनू घरात नव्हती.

ती धावत बाहेर आली. मोनू आगराच्या दगडी गडग्यावर, भर उन्हात, पाय हलवत बसली होती आणि कच्च्या आंब्याची फोड चोखत होती. सेसिलने तिला उचललं. पोर तव्यासारखी तापली होती. कपाळ, पोट, तळवे, सगळं गरम.

"आजी! अहो आजी!" तिने हाक मारली ती आपण कुणाला मारतोय याचा विचार न करता.

गोदाआजी पडवीतून पदर सावरत आली. "काय झालं गो? ओरडत्येस कशाला?"

"ताप आलाय हिला. पुन्हा आलाय."

आजीने लांबूनच पोरीकडे बघितलं. पोर आंबा चोखतच होती. "थांब," आजी म्हणाली, आत गेली आणि एक लहानशी पुडी घेऊन आली. "गणेशगुळ्याचाच अंगारा आहे. राखून ठेवलेला."

आजी पायरीशी येऊन उभी राहिली. पुडी उघडली. सेसिल त्या राखेकडे बघत राहिली. लावू दिली तर पोर वाचेल, मागच्या खेपेला वाचली तशी. आणि नाही लावली नि काही झालं तर ती कुणाला तोंड दाखवणार होती? तिला वाटलं, आत्ता मान हलली की हलली. तिने मोनूचं डोकं आपल्या खांद्यात दाबून धरलं.

"नको, आजी."

"नको?"

"नको. रागावू नका."

"रागवत्ये कशाला? पण तेव्हा चाललं नि आता का नको?"

"तेव्हा मी घाबरले होते."

"नि आता?"

"आताही घाबरलेय," सेसिल म्हणाली. "तेव्हापेक्षा जास्त."

आजीने पुडीची घडी घातली. तिला लागलं होतं, ते तिच्या घडी घालण्यातच दिसत होतं. "तुमचं तुम्हाला ठाऊक. त्या दिवशी तुझ्या पोरीला शिवल्ये म्हणून मला तिन्हीसांजेला परत डोक्यावरून न्हावं लागलं हो. थंडीचं. बोलल्ये होत्ये का कधी?"

"नाही बोललात," सेसिल म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"आता रडत्येस कशाला? आधी सावलीत ने तिला. उन्हात बसवलीस तर दगडपण तापतो." आजी फणकाऱ्याने वळली, पण पडवीत जाऊन आत गेली नाही. खांबाला टेकून तिथेच बसली, डोळा सेसिलच्या दाराकडे ठेवून.

सेसिलने मोनूला आत नेलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि मांडीवर घेऊन बसली. प्रार्थना सुचेना. कुठल्या दिवसाची म्हणायची? ईस्टरच्या मोसमातली आनंदाची, का गुड फ्रायडेची? बोलायला गेली की दोन्ही एकात एक अडकायच्या. शेवटी तिने आपला कोरडा अंगठा पोरीच्या कपाळावर टेकला आणि नुसता क्रूस काढला. राख नाही, पाणी नाही, काही नाही. घामाची जरा ओल होती तेवढीच. 'तुझी आहे,' ती मनात म्हणाली. 'मला हिशेब येत नाही. तुझी आहे एवढं येतं.'

किती वेळ गेला कळलं नाही. मोनू मांडीवर घोरायला लागली होती. इनास दारात उभा होता, तेलाने काळे झालेले हात अंगापासून लांब धरून.

"मास्तर भेटले वाटेत. म्हणाले, बायको घाबरलीय, लवकर जा. काय झालं?"

"किती वाजले?"

"चार वाजून गेले."

तीन वाजून गेले होते. ज्या क्षणासाठी ती सकाळपासून गुडघ्यांवर होती, तोही निसटला होता. तिने मोनूच्या कपाळाला हात लावला. गार. साधं, घामेजलेलं, गार कपाळ.

मग तिने इनासला सगळं सांगितलं. होळीची पुनव, रंगपंचमीचा ईस्टर, माघी चतुर्थी, अंगारा, मान हलवली तेसुद्धा. इनास उंबऱ्यावर बसून ऐकत होता. अंगाऱ्याचं ऐकून त्याने एकदा पडवीकडे बघितलं. आजी अजून तिथेच होती.

"म्हणून तू इतके दिवस माशाला शिवली नाहीस? मला म्हणालीस, पोटाला सोसत नाही."

"सांगितलं असतं तर हसला असतास."

"हसलो असतो," त्याने कबूल केलं. मग म्हणाला, "हे बघ, मी जन्मात कधी मिस्सेला वेळेवर गेलो नाही. मागच्या दारातून जायचो. पाद्रीबाबा डोळे वटारायचे, पण हाकलला नाही कधी."

"तुला उशीर माहीत असायचा. मला माहीतच नव्हतं."

"मग तुझं पाप माझ्याहून लहान."

"तसं नसतं ते."

"कसं असतं?"

कॉलेजात शिकलेलं काही उपयोगी पडेना आणि चर्चमधे शिकवलेलं सगळं एकदम आठवायला लागलं. पुढच्या खेपेला पाद्रीबाबा येतील तेव्हा कबुलीजबाबाला गुडघे टेकून सुरुवात तरी काय करायची? 'बाबा, मी ईस्टरला उपास केला.' 'बाबा, मी दुसऱ्यांच्या पुनवेवरून आपला सण धरला.' 'बाबा, मी गर्वाने कॅलेंडर मागवलं नाही.' यातलं पाप कुठलं आणि नुसती चूक कुठली? आणि अंगाऱ्याचं सांगायचं, तर आजच्या 'नको'चंही सांगायचं का? त्या 'नको'ने एका म्हाताऱ्या बाईचं मन दुखावलं ते दहा आज्ञांपैकी कुठल्या आज्ञेत बसतं?

"आता सोड उपास," इनास म्हणाला. "कालची पेज तरी घे. झालाय ना ईस्टर?"

"झालाय."

"मग?"

"मी ईस्टरपर्यंत बोलले होते. तेव्हा माझ्या मनात हाच आयतवार होता."

"देवाला तारीख ठाऊक नाही होय?"

"देवाला ठाऊक आहे, तोच तर घोर आहे," ती म्हणाली. "पण मी जे बोलले ते या आयतवारावर बोट ठेवून बोलले. अर्ध्यात सोडलं तर दोन्हीकडून गेलं."

इनासने उठून हात धुतले, आणि त्या रात्री, कुणी न सांगता, पेजच प्यायला.

शनिवारी तिने आईला पत्र टाकलं. बाकी काही लिहिलं नाही, फक्त 'कॅलेंडर धाड' एवढं लिहिलं आणि टपालात टाकेपर्यंत दोनदा फाडावंसं वाटलं.

आयतवारी पहाटे तिने क्रूसावरचं काळं फडकं सोडलं. तांदळाच्या शिरवळ्या पाडल्या, नारळाचा रस काढला, गूळ घातला. त्या तिला आजीनेच शिकवल्या होत्या. शिजवलेलं तिच्या हातचं आजीला चालायचं नाही, म्हणून तिने एक सोललेला नारळ पडवीच्या कडेला ठेवला आणि दोन पावलं मागे सरून उभी राहिली.

आजीने नारळ कानाशी हलवून बघितला. "कसला गो सण?"

"ईस्टर."

"तो झाला म्हणत होता ना परशुराम?"

"झाला. माझा राहिला होता."

"राहिलेलं करून टाकावं," आजी म्हणाली. मग आवाज जरा खाली आणून, "पोर बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मी आपलं विचारल्ये."

घरात मोनू अंघोळ करून, ओल्या केसांनी, क्रूसासमोर उभी होती. डाव्या हाताने क्रूसाची खूण करत होती. सेसिलने तिचा हात बदलून दिला. इनासही येऊन उभा राहिला, अर्थात मागे, दाराजवळ.

"आई, येशू पळाला का?" मोनूने विचारलं.

"उठला."

"आज उठला?"

सेसिलला खोटं सांगवेना आणि खरं सांगता येईना. "आधीच उठला होता," ती म्हणाली. "आपल्याला आज कळलं."

पोरीने ते मुकाट्याने मान्य केलं आणि शिरवळ्यांकडे बघितलं. सेसिल गुडघ्यांवर बसली. मिस्सा अर्धी होऊन गेल्यावर आत शिरलेली बाई जशी मागच्या बाकाच्या कडेला टेकते, कुठपर्यंत आलंय ते शेजारणीला विचारायची लाज वाटून नुसती ऐकत राहते, आणि ओळखीचा शब्द कानावर पडला की तिथून म्हणायला लागते, तशी ती म्हणायला लागली. मधेच तिने हात लांब करून, न बघता, मोनूचं कपाळ चाचपलं.